दोनशे मीटरची पाणंद

आमच्या जुन्या पिकअपचं बोअरचं काम निघालं ते ऐन टोमॅटोच्या हंगामात, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. सायलेन्सरमधून निळा धूर येत होता, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल इंजिन पिऊन टाकत होतं. मेस्त्रींनी बॉनेट उघडून बराच वेळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "वहिनी, काम करून देतो. पण ह्या गाडीत आता पैसे घालू नका."

ते हे माझ्याकडे बघून म्हणाले, ह्यांच्याकडे बघून नाही. त्याला कारण आहे. गाडी हे चालवतात, पण गाडीची वही मी लिहिते. जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाजूला आमचं घर. शेतातून टोमॅटो, कांदा, फ्लॉवर उचलायचा आणि माळशेज घाट उतरून कल्याणला किंवा वाशीच्या मार्केटला टाकायचा, हा आमचा धंदा. तारीख, किलोमीटर, डिझेल, कॅरेट, भाडं, हमाली, टोल, रिटर्न असे रकाने आखलेल्या अकरा वह्या माझ्या कपाटात आहेत. नवी गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न घरात निघाला तेव्हा मी त्या अकराही काढून ओट्यावर ठेवल्या.

कंपनी कुठली घ्यायची यावर आमच्यात फारसा वाद नव्हता. वाद इंजिनावरून होता. ह्यांना मोठं डिझेल हवं होतं, जुन्या गाडीसारखंच अडीच लिटरचं. माझे धाकटे दीर म्हणत होते, आता डिझेल घेणं म्हणजे पैसे जाळणं, सीएनजीच घ्यायची. आणि शोरूममधला मुलगा तिसरंच दाखवत होता: दीड लिटरचं छोटं डिझेल, अॅव्हरेज जास्त, हप्ता कमी. विजेवरच्या गाडीचाही विषय निघाला, कारण छोटा हत्ती, म्हणजे टाटाची छोटी मालगाडी, आता विजेवरही मिळतो. पण एका चार्जवर आमची मुंबईची जाऊन-येऊन फेरी होत नाही, म्हणून तो विचार तिथेच थांबला.

मी आधी कॅटलॉग वाचायला बसले. आणि पहिल्याच पानावर अडले. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपचं इंजिन २५२३ सीसी आणि ताकद सुमारे ७० हॉर्सपॉवर. टाटाच्या इंट्रा व्ही-३० चं इंजिन १४९६ सीसी आणि ताकद तीच, ७० हॉर्सपॉवर. मग हजार सीसी जास्त घेऊन मिळतं काय? हा प्रश्न मी ह्यांना विचारला. ते म्हणाले, "ओढ." शोरूममध्ये विचारलं तर तो मुलगा म्हणाला, दोन्ही चांगल्याच आहेत मॅडम. शेवटी मेस्त्रींनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे टॉर्क लिहिलेला होता. मोठ्याचा २०० न्यूटन-मीटर, तोही १४०० आरपीएमपासून. छोट्याचा १४०, आणि तो १८०० च्या पुढे.

मेस्त्रींनी चाकाचा पाना हातात घेऊन टॉर्क म्हणजे काय ते समजावलं. मला मात्र ते खरं उमगलं ते घरी आल्यावर, पडवीतल्या जात्याकडे बघताना. सासूबाई अजून कधीतरी नाचणी त्याच्यावर दळतात. जातं फिरवायला खुंट्यावर जो जोर लागतो तो टॉर्क. मिनिटाला जात्याचे किती फेरे होतात ते आरपीएम. दोन्हींचा गुणाकार केला की हॉर्सपॉवर निघते. एखादी पोर घास थोडा टाकून भराभर जातं फिरवते, आणि सासूबाई मूठभर घास टाकून संथ फिरवतात. तासाभरात पीठ दोघींचं सारखंच पडेल. पण जातं थांबलेलं असताना, भरल्या घासावर पहिला फेरा कोण काढतं, हा वेगळा प्रश्न आहे. गाडीला रोज पहाटे, रोज संध्याकाळी तो पहिला फेरा काढावा लागतो. आमच्याकडे ड्रायव्हर लोक "गाडीला पिकअप नाही" म्हणतात ते याच्याबद्दलच.

तरी मी वहीचीच माणूस. ओढ कितीही असो, कॅरेटमागे खर्च किती येतो ते मला आधी हवं होतं. आमची वाशीची फेरी जाऊन-येऊन २८० किलोमीटरची. डिझेलचा भाव ९० रुपये धरला, सीएनजीचा किलोला ८८. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साडेएकवीस किलोच्या आसपास भरतं. मोठ्या डिझेलचं पासिंग (कायद्याने भरता येईल तेवढा माल) दीड टन, म्हणजे ७० कॅरेट. आमच्या जुन्या गाडीचं अॅव्हरेज लोडसह बारा होतं, तेच धरलं. इंधन २१०० रुपये, कॅरेटमागे ३० रुपये. छोट्या डिझेलचं पासिंग १३०० किलो, ६० कॅरेट. माझ्या मावसदिरांकडे तशी गाडी आहे, त्यांना पंधराचं अॅव्हरेज पडतं. इंधन १६८० रुपये, कॅरेटमागे २८. मग सीएनजी. भाऊजींच्या मित्राची एक टन पासिंगची गाडी किलोला सतरा देते. इंधन फक्त १४५० रुपये. भाऊजींचा चेहरा फुलला. पण त्या गाडीत बसतात ४६ कॅरेट. भागाकार केला तर कॅरेटमागे साडेएकतीस रुपये आले.

मी तो भागाकार तीनदा केला. गावात सगळे जण किलोमीटरमागे किती रुपये याचाच हिशेब सांगतात, आणि त्या हिशेबात सीएनजी सहज जिंकते. कॅरेटमागे हिशेब केला की ती सगळ्यात महाग पडते. यात गॅसचा दोष नाही. गाडी लहान आहे, आणि टाक्यांचं वजनही हौद्याच्या वाट्याचंच खातं. गॅस २०० बारच्या दाबाने भरलेला असतो, त्याला जाड टाक्याच लागतात. मोठ्या इंजिनाचं सीएनजी रूपही मिळतं, पण त्याचंही पासिंग त्याच्या डिझेल भावंडापेक्षा कमी आहे. शिवाय दर तीन वर्षांनी टाक्यांची तपासणी करून घ्यावी लागते.

पासिंगप्रमाणे माल धरला म्हणून काही जण मला हसतील, हे मला माहीत आहे. आमच्या भागात दीड टनाच्या गाडीत अडीच टन घालणारे आहेत. आम्हीही घातलेत. जुन्या गाडीत एकदा आम्ही १०० कॅरेट भरली होती. त्या रात्री मी बरोबर होते, कारण वाशीला पुतणीकडे जायचं होतं. माळशेज उतरताना तिसऱ्या वळणानंतर ब्रेकचा जळका वास यायला लागला. ह्यांनी पायाखालचं पेडल मऊ पडतंय हे मला सांगितलं नाही, पण दुसरा गियर टाकताना हात कसा आवळला ते मी पाहिलं. धबधब्याजवळ डोंगराच्या कडेला गाडी लावली आणि पाऊण तास चाकं थंड होण्याची वाट बघत आम्ही अंधारात बसून राहिलो. ड्रमवर पाणी ओतायचं नसतं, तडकतात, म्हणून नुसतं बसायचं. त्या रात्रीनंतर वहीत मी पासिंगच्या वर कॅरेट लिहिलेलं नाही. जे लिहायचं नाही ते भरायचंही नाही, एवढंच मी ह्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते पाळलं.

पण त्या रात्रीचा आणखी एक उपयोग झाला. गाडी घ्यायची म्हटल्यावर जो येईल तो "तुम्हाला घाट आहे, मोठंच इंजिन घ्या" असं सांगत होता. आणि मला ती रात्र आठवली. आमचा माल घाट चढत नाही, उतरतो. ओतूरहून मुंबईकडे जाताना गाडी भरलेली असते आणि माळशेज खाली जातो. येताना घाट चढायचा, तेव्हा गाडी रिकामी किंवा अर्धी. भरल्या गाडीला माळशेजमध्ये ओढ लागत नाही, धरून ठेवणं लागतं. ज्या गियरवर चढायचं त्याच गियरवर उतरायचं, हा नियम पाळणारा ड्रायव्हर आणि पासिंगमधला माल असेल तर तिन्हीपैकी कुठलंही इंजिन तो घाट नीट उतरतं. म्हणजे घाटाच्या नावाखाली मोठं इंजिन विकत घेण्यात फसगत होती. हे मी जेवताना ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि रिटर्नचं काय?"

रिटर्न. हे खरं होतं. वाशीला माल टाकून हे भिवंडीला जातात. तिथल्या गोदामांतून आळेफाटा, नारायणगाव, कधी संगमनेरपर्यंतचं भाडं मिळतं. पशुखाद्य, पाइप, दुकानांचा माल. वर्षभराच्या वह्या काढून मी मोजलं, तर दहा फेऱ्यांत सहा वेळा रिटर्न मिळालेलं होतं, आणि हप्ता प्रत्यक्षात निघत होता तो त्या सहांमधूनच. पशुखाद्याची तीस पोती म्हणजे दीड टन. एवढा माल घेऊन टोकावडे सोडलं की सरळ घाटाला भिडायचं. एक टनाच्या गाडीला ते भाडं मिळणारच नाही. तेराशे किलोच्या गाडीला मिळेल, पण चार पोती मागे ठेवून, आणि गोदामवाला चार पोत्यांसाठी दुसरी गाडी लावत नाही, तो पहिलीच बदलतो.

इथपर्यंत माझ्या मनात छोटं डिझेल आणि मोठं डिझेल बरोबरीला आले होते. खरं सांगायचं तर छोटंच थोडं पुढे होतं. कॅरेटमागे दोन रुपये कमी, हप्ता कमी. आणखी एक फायदा मला आवडला होता. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, आणि छोट्या गाड्या त्यात बसतात.

मग जून लागला. दोन चांगले पाऊस झाले.

आम्ही ज्यांचा माल उचलतो त्यांतल्या निम्म्यांची शेतं डांबरी रस्त्यापासून आत आहेत. आत जायला पाणंद. एका शेतकऱ्याकडची पाणंद मी पावलांनी मोजलेली आहे, दोनशे मीटर. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये काळी माती, आणि शेवटी डांबरी रस्त्याला मिळताना छाताडावर येणारा चढ. त्या चढाच्या आधी ओढ्याची मोरी आहे, म्हणून पळत येऊन चढ घेता येत नाही. मोरीवर गाडी जवळजवळ थांबते आणि तिथून, पूर्ण लोडमध्ये, उभ्या जागेवरून उठावं लागतं. जुन्या वह्यांत मी "इतर" नावाचा एक रकाना ठेवलेला आहे. त्यात पावसाळ्याच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एकच नोंद येते: ट्रॅक्टर ५००. म्हणजे गाडी रुतली आणि ट्रॅक्टरने ओढून काढली. जुन्या गाडीच्या शेवटच्या दोन वर्षांत त्या नोंदी वाढलेल्या होत्या.

मी म्हटलं, कॅटलॉग पुरे. तिन्ही इंजिनं ह्या पाणंदीतून काढून बघू.

शोरूमची गाडी डांबरीवरच फिरवायला देतात, म्हणून ओळखीच्यांच्याच गाड्या मागितल्या. भाऊजींच्या मित्राची सीएनजी आली. ४६ कॅरेट भरली. मोरीपर्यंत छान आली. चढावर इंजिनाचा आवाज चढत गेला, क्लच अर्धा सोडून फेरे वाढवावे लागले, आणि फेरे वाढले तसं मागचं चाक चिखलात एकदम सुटलं. एकदा सुटलेलं चाक खड्डाच करतं. मेस्त्रींनी नंतर कारण सांगितलं. गॅस हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतो तेव्हा हवेचीच जागा घेतो, त्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन गॅसवर पेट्रोलपेक्षाही थोडं मऊ चालतं, आणि हलकं इंजिन जोर काढतं ते फेऱ्यांवर. चिखलाला फेरे नको असतात.

मावसदिरांची छोटी डिझेल ६० कॅरेट घेऊन चढली. तिने मला निराश केलं नाही. फक्त तिला दोन हजारांच्या वर ठेवूनच आणावं लागलं, आणि चालवणारे मावसदीर वीस वर्षांचे सराईत आहेत. तोच चढ रात्री, पावसात, दमलेल्या माणसाने घ्यायचा असेल तर काय, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. शेवटी गावातल्याच एकांची अडीच लिटरची नवी गाडी आली, ७० कॅरेट. मोरीवर ती थांबली, ह्यांनी पहिला टाकला, आणि आवाज वाढलाच नाही. ती नुसती चालत वर आली, बैल ओझ्याखाली मान खाली घालून पाऊल टाकतो तशी. शेतकरी बांधावर उभा होता. तो म्हणाला, "ही घ्या."

त्या संध्याकाळी मी दोन रुपयांचा फरक पुन्हा काढून बघितला. ७० कॅरेटला दोन रुपये म्हणजे फेरीला १४० रुपये. एक ट्रॅक्टर म्हणजे साडेतीन फेऱ्यांची बचत. आणि ट्रॅक्टर येईपर्यंत गेलेला दीड तास मी कधीच वहीत लिहिलेला नव्हता. वाशीला टोमॅटोचा भाव पहाटे असतो. दोन तास उशिरा पोचलेल्या गाडीतला माल तोच असतो, पण आडत्या दुसराच आकडा सांगतो, आणि तो तोटा आमचा नाही, शेतकऱ्याचा असतो. चार महिने पाणी घालून, फवारे मारून, बांबू-तार-सुतळी करून त्याने तो माल उभा केलेला असतो. माझ्या वहीत त्याचा रकाना नाही म्हणून तो तोटा नाही असं नव्हतं.

मोठं डिझेल ठरलं. तरी एक भीती उरली होती, आणि ती मी एकटीच बोलून दाखवत होते. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. त्यासाठी डिझेलमधलं गंधक किलोला ५० मिलिग्रॅमवरून १० वर आणलं, आणि डिझेल इंजिनांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली. ही जाळी भरते. भरलेली काजळी जळून जायला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि तेवढा तो नीट तापतो लोडमध्ये सलग पळाल्यावर. शेतातून नारायणगाव मार्केट, तिथे रांगेत इंजिन चालू ठेवून दोन तास, परत शेत, एवढंच ज्या गाडीचं काम आहे तिच्या डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुर्लक्ष केलं की गाडीची ओढ जाते आणि वर्कशॉपमध्ये मशीन लावून ती काजळी जाळावी लागते. जुन्या मेस्त्रींच्या पान्याने ते होत नाही. त्यांनीच मला हे सांगितलं, आणि सांगताना त्यांना वाईट वाटत होतं. पंचवीस वर्षं कानाने इंजिन ओळखणाऱ्या माणसाला आता लॅपटॉपवाल्या पोराला बोलवावं लागतं.

आमच्या आठवड्यात मुंबईच्या दोन-तीन लांब फेऱ्या ठरलेल्या असतात, म्हणून ही जाळी आम्हाला झेपेल असं मी धरलं. पण नियम लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले. रांगेत इंजिन बंद. ऑइल सांगितलेलंच, स्वस्त डबा नाही. काजळीचा दिवा लागला तर हायवेवर अर्धा तास सलग. काही गाड्यांना युरियाचं द्रावणही लागतं. आमच्याकडे एकाने विचारलं होतं की शेतातलं पोतं विरघळवून चालेल का. चालत नाही. ते साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचं असतं, खताच्या युरियाने सगळी यंत्रणा खराब होते. शेतकरी घरात हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण आपल्याकडे पोतं हाताशी असतं.

भाऊजींनी मात्र पुढच्याच महिन्यात सीएनजी घेतली, आणि ती त्यांच्यासाठी अगदी बरोबर निघाली. ते चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांच्या कँटीनना भाजी पुरवतात. माल कधी सातशे-आठशे किलोच्या वर जात नाही, रस्ता सगळा डांबरी, थांबे पन्नास, आणि गॅस भरायला दुपारचा मोकळा वेळ. थांबत-थांबत चालावं लागलं तरी गॅसच्या गाडीला काजळीच्या जाळीचं दुखणं नाही. त्यांच्या हिशेबात कॅरेट मोजून चालत नाही, दिवस मोजावा लागतो, आणि दिवसाला त्यांचे खरोखर पैसे वाचतात. फक्त संध्याकाळी कधी पंपावर दाब कमी असला की दीड-दोन तास रांगेत जातात. आमच्या रात्रीच्या वाशीच्या गाडीला ते दोन तास परवडले नसते.

आमची गाडी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली. पूजा केली, लिंबू ठेवलं, सासूबाईंनी हौद्याला हळद-कुंकू लावलं. पहिलं भाडं त्याच पाणंदीतलं निघालं. पाऊस दिवसभर लागून होता. अंधार पडल्यावर मी बॅटरी घेऊन मोरीपाशी जाऊन उभी राहिले. मला बोलावलं नव्हतं कुणी. गाडी आत भरत होती, कॅरेट मोजल्याचे आवाज येत होते, मग दिव्यांचा उजेड बांधावरून हलत हलत मोरीकडे आला. ह्यांनी मला बघितलं आणि काच खाली केली, पण बोलले काही नाहीत. गाडी थांबली. चाकं काळ्या मातीने भरून रेडिअलच्या खाचा दिसत नव्हत्या. पहिला गियर पडल्याचा खट् आवाज आला आणि इंजिन होतं त्याच आवाजात राहिलं. मी बॅटरी मागच्या चाकावर धरली होती. चाक एकदा किंचित सरकलं, धरलं, आणि वर गेलं. डांबरीवर गाडी उभी राहिली तेव्हा मला कळलं की मी श्वास रोखून धरला होता.

घरी येऊन हात धुतले आणि वही उघडली. ह्या वेळी "इतर"च्या शेजारी मी वेगळा रकाना आखून ठेवला होता. कॅरेट ६८. डिझेल टाकी फुल. निघाली ८.४०. ट्रॅक्टर —